घर फुटलं त्या दिवशी

मधपेटीला बरकत आली की पाळणाऱ्याची झोप उडते. वसाहत कमजोर असली तर मेणकिडा शिरतो, मुंग्या त्रास देतात. त्यावर निदान इलाज तरी असतो. पण सगळ्या चौकटी माश्यांनी गच्च भरल्या, की त्यांना घर फोडायचे, म्हणजे निम्म्यांनी राणी घेऊन नवं घर शोधायला निघायचे, वेध लागतात. माझी पेटी त्या हंगामात अशीच फुगली होती. त्यात अवेळी पाऊस लागून राहिला आणि सगळी तयारी आतल्या आत अडकली.

ऊन पडलं त्या दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो, लवकर या, तुमच्या माश्या पळाल्या!"

पेटीच्या दारातून माश्यांचा लोंढा बाहेर पडत होता. थोडा वेळ अंगणभर घिरट्या घालून सगळ्या एका फांदीवर लटकल्या. काकूंनी तोवर खिडक्या लावून घेतल्या होत्या. निघण्याआधी माश्या पोटभर मध पितात, शिवाय राखायला ना घर असतं ना पिल्लं, म्हणून असा घोळका सहसा डसत नाही. हे काकूंना पटवणं अवघड, आणि खरं सांगायचं तर हात घालताना मलाही ते स्वतःला बजावावं लागतं.

वेळ फार नसतो. टेहळणीला गेलेल्या माश्या परत येऊन त्या घोळक्यावरच नाचतात आणि नव्या जागेची दिशा, अंतर सांगतात. एका जागेवर एकमत झालं की सगळा घोळका उडाला समजा.

रिकामी पेटी तयार होती, पण नुसत्या रिकाम्या पेटीत माश्या टिकतीलच असं नाही. उघडी, म्हणजे घरांवर अजून झाकण न बसलेली पिल्लं दिसली की त्यांचा पाय निघत नाही. म्हणून जुन्या पेटीतून पिल्लांची एक चौकट उचलायची होती. पेटी उघडली तर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीचे कोष, भुईमुगाच्या शेंगेसारखे. एकाचं टोक गोल कापलेलं, झाकण नुसतं एका बाजूला लोंबत होतं. शेजारचे दोन मात्र कुशीतून फोडलेले. म्हणजे नवी राणी बाहेर आली होती आणि सवती जन्माला यायच्या आतच तिने त्यांना संपवलं होतं. एरवी त्याआधीच जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन निघून जाते. इथे पावसाने घोळ घातला होता.

कोष नसलेली चौकट नव्या पेटीत ठेवली, फांदीखाली पेटी धरली आणि फांदीला एकच हिसका दिला. बऱ्याचशा आत पडल्या, उरलेल्या माझ्या खांद्यावर. मग दारात काही माश्या शेपटाकडचा भाग वर उचलून पंख फडफडवायला लागल्या. हा वास पसरवण्याचा प्रकार: राणी आत आहे, या. बाकीच्या चालत चालत आत गेल्या. मधाची बाटली भरण्यापेक्षा मला हे बघायला जास्त आवडतं.

पुढचं तितकं गोड नाही. नव्या पेटीत जुन्या राणीने पांढऱ्याशुभ्र मेणात अंडी घालायला सुरुवात केली. जुन्या पेटीतली तरुण राणी मात्र मिलनाच्या उड्डाणावरून परतलीच नसावी. पक्षी टिपतात, वाट चुकते. बरेच दिवस वाट पाहूनही घरांच्या तळाशी एक अंडं दिसेना. आणखी थांबलं तर कामकरी माश्याच अंडी घालू लागतात आणि त्यातून फक्त नर निपजतात. शेवटी वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालून दोन्ही पेट्या एकावर एक चढवल्या. कागद कुरतडून होईपर्यंत दोघींचा वास एक होतो, मारामारी होत नाही.

दोनाची पुन्हा एकच पेटी झाली. मधकोठीत, म्हणजे पेटीच्या वरच्या मध साठवायच्या मजल्यात, मध होता, पण एवढं मोठं कुटुंब फुलांविना दिवस काढणार कशावर? त्या वर्षी मध काढायचं यंत्र बाहेर काढलंच नाही.

घर फुटू नये म्हणून राणीचे कोष खुडून टाकावेत असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. एखादा नजरेतून सुटतोच, आणि माश्या पुन्हा नवे बांधतात. अंड्यापासून कोष बंद व्हायला साधारण ८ दिवस लागतात. म्हणून आता हंगामात दर आठवड्याला चौकटी बघतो, आणि कोषात अळी दिसली की जुन्या राणीसह पेटीची वाटणी मीच करून टाकतो.