चोपड्याची केळी पेढी: तीन फोन, एक नंबर

चोपड्यातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीसाठी मी कामाइलिओ, म्हणजे इंटरनेटवरचे (एसआयपी पद्धतीचे) कॉल योग्य फोनकडे वळवणारा सर्व्हर, बसवून दिला. दिल्लीहून गाडीसाठी फोन आला की मुनीमजींच्या टेबलावरचा, पॅकिंग शेडमधला आणि शेठच्या मोबाइलवरचा असे तिन्ही फोन एकदम वाजावेत, आणि भावाची बोलणी वाटेत कुणी ऐकू नयेत, एवढीच मागणी.

फोर्किंग, म्हणजे एकच कॉल एकदम अनेक फोनकडे पाठवणं, लवकर उरकलं. तिन्ही फोन एकाच नावाने रजिस्टर केले की लोकेशन टेबलात तीन पत्ते जमा होतात आणि प्रॉक्सी, म्हणजे कामाइलिओच, आलेल्या इन्व्हाइटच्या (कॉल सुरू करणाऱ्या निरोपाच्या) तीन शाखा फोडतो. एकाने उचलला की 200 ओके (‘कॉल घेतला’) येतं, बाकी दोघांना कॅन्सल जातं, ते 487 (‘विनंती रद्द झाली’) देऊन गप्प होतात.

खरी गंमत नकाराची. शेठनी मोबाइलवर लाल बटण दाबलं की शेडमधल्या फोनची रिंगही बंद पडायची. ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणून मुनीमजींचा मला फोन. ट्रेस, म्हणजे निरोपांची नोंद, काढला, तर शेठचं ॲप 603 (‘नकार’) पाठवत होतं. एसआयपीचं मानक असलेल्या आरएफसी 3261 नुसार 6 ने सुरू होणारं उत्तर म्हणजे हा माणूस कुठेच बोलणार नाही, म्हणून प्रॉक्सी उरलेल्या शाखाही रद्द करतो. कामाइलिओच्या टीएम मॉड्यूलमध्ये (निरोप आणि उत्तरांचा हिशेब ठेवणाऱ्या भागात) हा नियम बाजूला ठेवायची सोय आहे. मी ती वापरली नाही. ॲपच्या सेटिंगमध्येच नकाराचं उत्तर 486 (‘हा फोन व्यग्र’) केलं, ते त्या एका शाखेपुरतंच असतं. प्रॉक्सीला नियम मोडायला लावला की पुढे कॉन्फिग फाइल उघडणारा डोकं धरून बसतो.

मग वाटेत कुणी ऐकू नये याची सोय. टीएलएस, म्हणजे निरोप कुलूपबंद करून पाठवायची पद्धत, त्यासाठी 5061 पोर्ट आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट घेतलं. ते 90 दिवसांचं, म्हणून नूतनीकरण झालं की टीएलएस रीलोडही आपोआप होईल असं लावून टाकलं. सगळे फोन हिरवे (रजिस्टर झालेले) दिसत होते, पण थोडा वेळ शांत गेला की शेडचा फोन वाजेना. तो राउटरच्या आड, म्हणजे त्याने स्वतः उघडलेल्या कनेक्शनवरूनच त्याच्यापर्यंत पोचता येतं. रजिस्ट्रेशन 3600 सेकंदांचं, आणि कामाइलिओ रिकामं पडून असलेलं टीसीपी कनेक्शन (टीएलएस त्यावरच चालतं) मुळात 120 सेकंदांत बंद करतो! ती मर्यादा 3605 केली, फोनवर कीप-अलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवणारे छोटे निरोप) चालू केलं, आणि शेड बोलू लागलं.

मग शेठना समजावणं आलं. टीएलएस फक्त सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडायचे-तोडायचे निरोप, झाकतं. आवाज वेगळा जातो, त्याला एसआरटीपी, म्हणजे आवाजाचं वेगळं कुलूप, लागतं. त्याची किल्ली आमच्याकडे एसडीपीतून, म्हणजे निरोपातल्या आवाजाच्या तपशिलातून, जाते, म्हणून खाली टीएलएस नसेल तर ती उघडीच. दोन्ही चालू केलं. तरी हे कुलूप आपल्या फोनपासून आपल्या सर्व्हरपर्यंतच. पुढे ट्रंकवरून (टेलिफोन कंपनीला जोडणाऱ्या लाइनवरून) दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या मोबाइलपर्यंत नेहमीचीच लाइन.

शेठ क्षणभर थांबले. ‘मग भाव व्हॉट्सॲपवरच टाकत जातो,’ म्हणाले.