भाषण करून परत येणारी बाई

गेल्या बुधवारी डेट्रॉइटजवळच्या आमच्या कारखान्यात मी मणी मोजत होतो, आणि तेरा लाल निघाले म्हणून माझा चेहरा पडला होता. वय वर्षं 43.

त्याचं असं झालं. जानेवारीत आमच्याकडे एका बाईंचं प्रेरणादायी भाषण होतं. मी मागच्या रांगेत, हातात पिझ्झा, डोक्यात चाकणचा माझा जुना कारखाना. तिथं दर सुरक्षा सप्ताहात असा एक वक्ता यायचा. गरुडाची गोष्ट, टाळ्या, शाल, श्रीफळ, समोसा. दुसऱ्या दिवशी सुटा भाग धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरची तीच सैल पिन. हेही तसंच, असं मी धरून चाललो.

दोन आठवड्यांनी सकाळी सहाला, पहिल्या पाळीला, बाई सेफ्टी शूज घालून लाइनवर हजर! नंतर कळलं, भाषण हा करारातला सगळ्यात लहान तुकडा. वर्षभर दर दुसऱ्या बुधवारी यायचं ठरलेलं.

विचारते एकच: काम कशानं अडलं? मी सवयीनं "सगळं ठीक" म्हणालो. बाई हलेचना. शेवटी सांगितलं, आमचा टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानं आवळायचा पाना, कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला गेला की दुसरा नसतो, शेजारच्या लाइनवरून मागून आणावा लागतो. तिनं ते फळ्यावर लिहिलं, पुढे मॅनेजरचं नाव. पुढच्या खेपेला विचारलं, रेंच आला? नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला मॅनेजरसमोरच विचारलं. मग आला. एका पान्याचं मला एवढं अप्रूप वाटावं याचा रागही आला.

तर मणी. हा खेळ डेमिंग या अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञांचा. पेटीत पांढरे आणि लाल मणी, पाचातला एक लाल. पन्नास खळग्यांची फळी बुडवायची आणि म्हणे पांढरेच आणायचे. लाल किती येतील हे कुणाच्याच हातात नाही. पण बाई फोरमन झालेली. मला आधी सात आले तर म्हणाली, "शिका याच्याकडून." माझी कॉलर ताठ. मग तेरा आले. "लक्ष कुठंय तुझं?" आणि हसू नका, पण फळी कुठल्या कोनात बुडवली होती ते मी तिला समजावून सांगायला लागलो.

डेमिंग 1950 साली जपानला व्याख्यानं द्यायला गेले आणि पुढेही जात राहिले. 1981मध्ये फोर्डनं त्यांना इथं शेजारीच, डिअरबॉर्नला, बोलावलं. त्यांच्या चौदा मुद्द्यांत एक असा, की कामगारांपुढच्या घोषणा बंद करा; बहुतेक दोष यंत्रणेतले असतात आणि ती बदलणं कामगाराच्या हातात नसतं. हे आम्हाला बाईच सांगत होती. "मग तुम्ही भाषणं का देता?" मी विचारलंच. म्हणाली, "भाषणाशिवाय मला आत कोण घेतं?"

एका सहकाऱ्यानं विचारलं, भारतात असं काही असतं का? मी ताडकन म्हणालो, महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला 2003 सालीच डेमिंग पारितोषिक, म्हणजे त्यांच्याच नावाचं जपानचं गुणवत्ता पारितोषिक, मिळालंय. हे मात्र सांगितलं नाही, की चाकणला 'महिन्याचा उत्तम कामगार' हा फलक मीच लावून घेतला होता आणि त्यातला फोटोही मीच निवडायचो. आता ऑर्डर डोक्यावर असताना वर्षभर बाहेरचं माणूस बोलवायला पैसे आणि वेळ कुणाकडे होता? शिवाय लोकांना बरं वाटायचं. एकानं तर फोटो घरी नेऊन टीव्हीवर लावला होता.

रविवारी बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. भोसरीत तीस वर्षं लेथवर उभे होते ते.

"शाल दिली का तिला?"

"नाही."

"नारळ?"

"नाही हो."

"मग बरोबर आहे," बाबा म्हणाले, "निरोपच दिला नाही तर ती येतच राहणार. रेंच कुठल्या कंपनीचा आला?"