जुन्या चिरेबंदी घराला बाहेरून चुनाच बरा

चिरा (जांभा दगड) आणि चुन्यात बांधलेल्या कोकणातल्या जुन्या घराला प्लास्टिक इमल्शन रंग मारला, की भिंतीत मुरलेलं पाणी आतच अडकतं. मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात. चुना स्वस्त, आणि ओल बाहेर पडू देतो.

लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी, मग थोडी थोडी चुनकळी (भाजलेल्या, न विरवलेल्या चुन्याचे खडे). उलटं केलंत तर उकळून अंगावर उडेल. डोळ्यांना चष्मा हवाच. १ किलोला साधारण ५ लिटर पाणी. २४ तास मुरू द्या, जाड्याभरड्या कापडातून गाळा.

जुना ऑइलपेंट किंवा इमल्शन पूर्ण खरवडा, त्यावर चुना धरत नाही. भिंत ओली करून दुधाइतके पातळ तीन हात द्या, मध्ये एकेक दिवस सोडून. ओला चुना जवळजवळ दिसतच नाही, वाळल्यावर पांढरा होतो. इथेच रंगारी घाई करून जाड थर मारतात. तो भेगाळतो, पांढरी भुकटी हाताला लागते. ती थांबवायला पांढरा गोंद भरमसाट ओतू नका, भिंत पुन्हा बंद होते. रंग हवा तर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती), चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत.

काम दिवाळीनंतर काढा, कडक ऊन टाळा. पावसाच्या माऱ्याची बाजू दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावी लागेल.