बाईला दारूचं विचारतं कोण?

इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव नोंदवलं की नर्स वजन घेते, बीपी पाहते आणि त्याच सुरात विचारते, आठवड्याला दारू किती घेता? लुगड्यातल्या आजीलाही विचारते. आजी चमकते, "नाही बाई" म्हणते, नर्स लिहून घेते आणि पुढे जाते. त्यात लाज नाही, संशय नाही. मला इथली ही गोष्ट मनापासून आवडते.

चिमूरकडच्या आमच्या गावात दारू म्हटली की नवऱ्याची. बायांनी मोर्चे काढले, २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात बंदी झाली, २०२१ ला उठली. त्या बायांबद्दल मला फार आदर आहे. पिणाऱ्या बाया कमीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात शंभरात जेमतेम एक, पुरुष मात्र १९. पण आहेत. रोवण्याच्या दिवसांत कंबर धरते म्हणून रात्री मोहाची घेणाऱ्या मावश्या मी पाहिल्या आहेत. शहरात नोकरीला गेलेल्या आपल्या पोरी आता वाइन घेतात. यांच्याशी बोलायचं कुणी?

बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, पोटात दारू मोडणारं एन्झाइमही सहसा कमी. तेवढ्याच पेल्यानं तिच्या रक्तात दारू जास्त चढते. लिव्हर पहिले दारूचा निकाल लावतं, चरबी जाळायचं काम मागे पडतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढतात, लिव्हरवर चरबी साचते. शुगर आणि सुटलेली कंबर आधीच असेल (आपल्या बायांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे), तर ते आणि दारू मिळून लिव्हर लवकर खराब करतात. ब्रिटनमध्ये २०१६ पासून बाई-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिटांपलीकडे जाऊ नका असं सांगतात. एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम अल्कोहोल; बाटलीत किती युनिटं ते सहसा तिच्यावर छापलेलं असतं. मोहाच्या दारूचं माप कोण सांगणार? प्रत्येक भट्टीची वेगळी. आणि अजिबात धोका नाही अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

आपल्याकडेही आशाताई तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरते, त्यात कमरेचं माप आहे, दारूचाही प्रश्न आहे. पण तो 'रोज घेता का' असा. हप्त्यातून दोनदा घेणारी बाई 'नाही' म्हणेल आणि ते खोटंही नसेल. शिवाय सासू शेजारी बसलेली असताना कोणती सून खरं बोलेल? हा प्रश्न एकटीला, मायेनं विचारायला हवा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शुगरची गोळी घेणाऱ्या बायांची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी, चतुर्थीचा उपास, आणि रात्री रिकाम्या पोटी मोहाची. उपाशी शरीराला साखर पुरवायचं काम लिव्हरचं. दारू नेमकं तेच अडवते. शुगर एकदम खाली येते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं, आणि घरचे म्हणतात, चढली हिला, झोपू द्या. झोपू देऊ नका. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरेचं पाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. गाडी आली की दारू घेतल्याचं आणि गोळीचं नाव, दोन्ही सांगा.