मेंढ्या वळायला शिकणारी मैना

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोलकडे जाताना आमची थोडी शेतजमीन आहे आणि तेथे आम्ही मेंढ्यांचा लहानसा कळप पाळतो. सध्या त्यात चौदा मेंढ्या आणि एक मेंढा आहे. या कळपासाठी आणलेली बॉर्डर कॉली जातीची कुत्री मैना आता सव्वा वर्षाची झाली आहे. तिच्याविषयी चौकशी करणाऱ्या बहुतेक नातेवाइकांची समजूत अशी असते की कुत्र्याला मेंढ्यांमागे धावायला शिकवावे लागते. धावणे ती जन्मतःच घेऊन आली आहे. शिकवावे लागते ते थांबणे.

आपल्याकडे मेंढपाळाचा कुत्रा म्हणजे राखणीचा कुत्रा. धनगर पुढे चालतो, हाळी देतो आणि मेंढ्या त्याच्या मागे येतात. कुत्रा रात्री वाघरीभोवती, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीभोवती, फिरून लांडग्यावर लक्ष ठेवतो. राजस्थानातून माळव्यात उतरणाऱ्या रेबारी मेंढपाळांची रीतही अशीच आहे. त्यांच्यातील एका वयस्क बाबांनी मैनेला पाहून, "कुत्ता तो रात के काम का है, दिन में इससे क्या कराओगे?" असे विचारले होते, आणि हाकेसरशी त्यांच्यामागे निघणाऱ्या शेकडो मेंढ्या पाहता तो प्रश्न रास्तच होता. आमच्या मेंढ्या मात्र निरनिराळ्या ठिकाणांहून विकत घेतलेल्या, हाकेला न जुमानणाऱ्या आणि शेजारचा हरभरा दिसताच कुंपणातील भगदाड शोधणाऱ्या आहेत. (इंदूरचे राज्य उभारणारे होळकर मूळचे धनगर, पण त्यांच्या पदरी चाकरीला येऊन येथेच राहिलेल्या आमच्यासारख्या कारकुनी घराण्यांत मेंढ्यांना हाळी देणे कोणालाच येत नाही.)

मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांची ही जात इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरच्या डोंगराळ भागात घडली. १८९३ साली नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा कुत्रा आजच्या बॉर्डर कॉलींचा आदिपुरुष मानला जातो, आणि त्याची ख्याती अशी की तो आरडाओरड न करता, शांतपणे नजर रोखून मेंढ्या हलवीत असे. ही नजर म्हणजे लांडग्याच्या शिकारीचाच एक तुकडा आहे. सावज हेरणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे आणि मारणे या क्रमातील पहिल्या पायऱ्या माणसाने निवडक पैदाशीतून बळकट केल्या आणि शेवटच्या दाबून टाकल्या. मात्र दाबलेले कधीतरी वर येऊ शकते, म्हणून लहान पिल्लाला मेंढ्यांत मोकळे सोडणे हा खेळ नव्हे.

मैना सुमारे दहा महिन्यांची होईपर्यंत तिला मेंढ्या कुंपणापलीकडूनच पाहू दिल्या. तेवढ्या काळात लांब दोरीवर तिने दोनच गोष्टी पक्क्या केल्या: हाक मारताच परत येणे आणि आज्ञा मिळताच आहे तेथे आडवे पडणे. मेंढ्यांपेक्षा वेगाने धावता येईपर्यंत पिल्लाला कामाला लावू नये, कारण मेंढ्या पुढे निसटल्या की त्याला केवळ पाठलागाची चटक लागते.

खरे शिक्षण मात्र मेंढ्यांसमोरच होते. आम्ही वाघरीने कोपरे नसलेले गोल आवार केले आणि त्यात वर्षभराच्या, अजून न व्यालेल्या मेंढ्या घेतल्या, कारण कोकरू पायाशी असलेली मेंढी पाय आपटून कुत्र्यावर चाल करते आणि नवख्या कुत्र्याचा धीर तेथेच खचतो. या जातीच्या कुत्र्याला उपजतच कळपाच्या पलीकडे, माणसाच्या बरोबर समोर जाऊन उभे राहावेसे वाटते. मी डावीकडे सरकलो की समतोल राखण्यासाठी मैनाही पलीकडून तितकीच सरकते, आणि मी मागे चालू लागलो की मेंढ्या माझ्याकडे येतात. त्यामुळे दिशा शिकविण्यासाठी तिला ओढावे लागत नाही. ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरू लागली की त्या हालचालीला एक शब्द जोडायचा, उलट फिरली की दुसरा. मेंढ्यांवर किती दाब पडतो आहे, हे त्यांच्याकडे पाहूनच समजते: माना वर होतात, कान कुत्र्याकडे वळतात, आणि एक पाऊल पडण्याच्या आत जर मैनेला थांबविले तर कळप चालत निघतो, नाहीतर उधळतो. हातातली काठी मारण्यासाठी नसते. वाट अडविण्यासाठी हात लांब केला, इतकाच तिचा अर्थ.

सर्वांत अवघड जागा कुंपणाची. मेंढ्या कुंपणाला चिकटून उभ्या राहिल्या की त्यांच्या आणि जाळीच्या मधल्या फटीत शिरायला तरुण कुत्रा कचरतो, आणि शिरलाच तर भीतीपोटी लोकर तोंडात धरून पळतो. मैनेची शेपटी अशा वेळी खाली न राहता पाठीच्या वर जाते. ही विचार सुटल्याची खूण आहे. तेव्हा तिला आडवे पाडून मी स्वतः पुढे होतो, काठीने मेंढ्या हातभर बाजूला करतो आणि तिला त्या जागेतून सावकाश चालवीत नेतो.

लहान कळपाची स्वतःची एक अडचण आहे. तीनचार मेंढ्या सैरभैर होतात, कळप म्हणून हलत नाहीत. म्हणून निदान आठ तरी आम्ही एकत्र ठेवतो. परंतु त्याच त्या मेंढ्या रोज वापरल्या की त्याही शिकतात. आमच्यातल्या काही जणी आता कुत्री दिसताच सरळ माझ्या गुडघ्यांना येऊन चिकटतात, आणि मैनेला करण्यासारखे काही उरत नाही. त्यावर उपाय म्हणजे मेंढ्यांची गट बदलून निवड आणि दर आठवड्याला नवी जागा. सोयाबीन निघाल्यावर मोकळी झालेली शेजारची शेते त्यासाठी फार सोयीची आहेत.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे दाट केसांच्या या कुत्रीचा सराव उजाडतानाच आणि तोही थोडाच होतो; जीभ टोकाशी रुंद होऊन वर वळली की काम बंद. जंताच्या औषधाबाबतही सावध राहावे लागते. मेंढ्यांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कॉली वंशातील काही कुत्र्यांना जनुकीय दोषामुळे घातक ठरते, म्हणून औषध दिलेल्या दिवसांत मैनेला लेंड्यांत तोंड घालू देत नाही. मेलेल्या मेंढीचे कच्चे डोके कोणत्याही कुत्र्याला घालू नये, कारण मेंढीच्या मेंदूतील कृमीची पुढची अवस्था कुत्र्याच्या आतड्यात वाढते आणि तिची अंडी विष्ठेतून पुन्हा चाऱ्यावर येतात.

आमच्या भागात बिबट्या फिरतो, आणि त्याच्यासमोर मैनेचा काही उपयोग नाही. रात्रीसाठी आम्ही एक धिप्पाड गावठी कुत्रा वेगळा ठेवला आहे. तो मेंढ्यांतच वाढलेला असल्यामुळे मैनेने कळप हलविला की मध्ये पडून तिला हुसकावतो, म्हणून सरावाच्या वेळी त्याला गोठ्यात बांधावे लागते.