स्प्रेचं चित्र घरी आणताना

२०१७ साली मुंबईच्या सॅसून डॉकवर, म्हणजे मासळीच्या बंदरावर, ‘स्टार्ट इंडिया’ या भिंतीचित्रं करणाऱ्या संस्थेचं प्रदर्शन भरलं होतं. मासळीच्या वासात रंगवलेल्या भिंती बघत फिरले आणि तेव्हापासून स्प्रेच्या चित्रांचा नाद लागला. भिंत काही विकत घेता येत नाही. म्हणून वांद्र्यात वर्षानुवर्षं ग्राफिटी करणारा एक मुलगा हल्ली कॅनव्हासही करतो असं कळल्यावर थेट त्याच्या खोलीवर धडकले.

चित्र चार बाय तीन फुटांचं. लोकलच्या दारात लटकलेली माणसं आणि त्यांच्या अंगावरून गेलेला त्याचा जाड गुलाबी टॅग, म्हणजे ग्राफिटीवाल्याची नावाची सही. कॅनव्हासवर छापलेले प्रिंट ‘ओरिजिनल’ म्हणून खपवले जातात, त्यामुळे मी मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरला. स्टेन्सिल, म्हणजे कापलेला साचा, लावून मारलेल्या माणसांच्या कडांना रंगाचा बारीक बांध दिसला. टॅगची कड मात्र धुरकट, ठिपक्याठिपक्यांची, मोकळ्या हाताने मारलेली. छपाईत हे सगळं सपाट असतं. खाली एक ओघळ होता.

“हा मुद्दाम ठेवलायस का रे?”

“ताई, कॅन जवळ धरला की ओघळ येतोच. भिंतीवर पुसत बसलो असतो तर पकडला गेलो असतो. तीच सवय राहिली.”

भाव ठरला, मग कागद. चित्राचं नाव, माप, माध्यम, साल, सही आणि फोटो असलेलं प्रमाणपत्र त्याने दिलं. कॉपीराइटचा विषय मीच काढला. तयार चित्र विकत घेतलं तर चित्र आपलं, पण कॉपीराइट कलाकाराचाच. म्हणजे उद्या मी त्याचे टी-शर्ट छापू शकत नाही. उलट पैसे देऊन मुद्दाम ऑर्डरीवर काढवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे काढवून घेणाऱ्याकडे जातो. हा बिचारा कॅफेवाल्यांच्या ऑर्डरी एका ओळीचाही कागद न करता घेत होता! पुढे मी चित्र दहा हजारांच्या वर विकलं तर त्यातला हिस्सा मागायचा हक्क त्याला आहे, जास्तीत जास्त १० टक्के, हेही सांगून टाकलं. तो खूश. माझा नवरा कमी.

स्प्रे हाताला लगेच सुकलेला वाटतो, आतून कडक व्हायला दिवस लागतात. त्यामुळे गुंडाळण्याआधी थांबावं लागलं. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवायची. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन सुरकुततो. वर ग्लासिन, म्हणजे रंगाला न चिकटणारा गुळगुळीत कागद, आत जाड पीव्हीसी पाइप. बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचे गोल गोल ठसे उमटतात.

खरी कसरत फ्रेमवाल्याकडे. तो काच लावायच्याच मागे. “मॅडम, काचेशिवाय फोटो शोभत नाही.” पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कॅनव्हासवर बुरशी धरते, हे त्याला पटेना. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र आधी कॅनव्हासची कड मोजली. लाकडी चौकटीवर ताणायला चारही बाजूंनी दोन-अडीच इंच कोरं कापड लागतं, ते मुलाने सोडलं होतं. काकांनी मधोमध चार पिना मारल्या, मग समोरासमोर ओढत कोपऱ्यांकडे गेले. सगळी एक बाजू आधी ठोकली की कापड तिरकं बसतं, म्हणाले. मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी दिल्या, कापड सैल पडलं तर ठोकायला.

आता जागा. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, ती बाद. खिडकीसमोरची भिंतही बाद, कारण टॅगचा गुलाबी फ्लोरोसंट आहे आणि तो रंग उन्हात लवकर उडतो. उरली पॅसेजची भिंत. तिथे सासूबाईंचं कपाट आहे, आणि त्यांच्याशी वाटाघाटी अजून चालू आहेत.