प्रभारी कार्यक्रम अधिकारी मॅडमचे स्वागत

आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेची धुरा नियमित नेमणूक होईपर्यंत मराठी विभागातील मॅडमनी स्वीकारली, याचा माजी स्वयंसेवक म्हणून मला मनापासून आनंद आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करायचे असते. त्यामुळे पदभार तात्पुरता म्हणून शिबिर पुढे ढकलले, तर शेवटच्या वर्षातल्या मुलांची संधी कायमची हुकते. मॅडमनी मात्र पहिल्याच आठवड्यात दत्तक गावच्या सरपंचांसह ओढ्यावर वनराई बंधाऱ्याची, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून पाणी अडवणाऱ्या तात्पुरत्या बांधाची, जागा पाहिली आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवायला सांगितल्या. ओढा वाहता आहे तोवरच हे काम व्हायला हवे. मॅडम, श्रमदानाला आम्ही माजी स्वयंसेवकही येऊ. फावडी-घमेली आणायचे काम आमच्याकडे लागले.